जगाच्या पत्त्यातली राज्यं : इंदूरच्या शिक्षकांना आणि प्रश्नमंजुषेच्या संयोजकांना खुले पत्र

इंदुरातील शाळांचे सामाजिक विज्ञानाचे शिक्षक-शिक्षिका आणि आपल्या मराठी मंडळांच्या सामान्यज्ञान स्पर्धांचे संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की मंडळामंडळांतून प्रश्नमंजुषेची तयारी सुरू होते. आमच्या रामबागेत संध्याकाळी ओट्यांवर, जिन्यांत पोरं घोकत बसलेली दिसतात : टेक्सास ऑस्टिन, कॅलिफोर्निया सॅक्रामेंटो, फ्लोरिडा टॅलाहासी. पाठांतराशी माझं भांडण नाही. पाढे पाठ हवेतच, तशा चार राजधान्याही असाव्यात. पण याच पोरांना मी सहज विचारलं, "टेक्सासचं सरकार करतं काय रे?" सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. "बरं, मध्य प्रदेशचं काय करतं?" त्यावर एक जण म्हणाला, "लाडली बहना!" मला हसू आलं, पण उत्तर चुकलेलं नव्हतं. एक तरी काम त्याला ठाऊक होतं.

जगभरच्या देशांतले प्रांत आपण मुलांना नाव-राजधानी अशा जोड्या लावून शिकवतो. प्रांताच्या हातात काय असतं, काय नसतं, त्याची हद्द कोणी आणि कधी आखली, हे सांगायचं राहूनच जातं. इंदूरच्या मुलाला तर हे सगळं घराच्या उंबऱ्यापासून शिकवता येईल, इतका माल आपल्या गावात पडून आहे. तो वापरा, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मी शिक्षिका नाही. टपाल खात्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं सॉर्टिंगला. समोर खणांचं कपाट, हातात गठ्ठा आणि नजर पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर. हे काम केलेल्या माणसाला राज्याच्या नावाची किंमत कळते. बिलासपूर लिहिलंय, पण कुठलं? एक हिमाचलात, एक छत्तीसगडात. हमीरपूर उत्तर प्रदेशातही आणि हिमाचलातही. औरंगाबाद बिहारातही. लिहिणाऱ्याने राज्य गाळलं की पत्र गावोगाव हिंडत बसायचं. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला, तो याच घोळावरचा इलाज म्हणून. त्यातला पहिला आकडा विभागाचा. आपला 4 : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड सगळे चारवाले. 45 पासून 48 पर्यंत मध्य प्रदेश, 49 म्हणजे छत्तीसगड. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, विधानसभा वेगळी, मुख्यमंत्री वेगळे, पण रायपूरचा पिन आजही 492 नेच सुरू होतो. वाटणी झाली, पण टपालाने ती मनावर घेतली नाही म्हणा ना!

आता कॅनडा बघा. तिथल्या पत्त्यात पहिलं अक्षर प्रांत सांगतं. 'व्ही' म्हणजे ब्रिटिश कोलंबिया, 'टी' म्हणजे अल्बर्टा. 1 एप्रिल 1999 ला तिथल्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून नुनावुत वेगळं काढलं. दोघांचं अक्षर मात्र 'एक्स'च राहिलं. मुलांना रायपूरचा पिन आणि नुनावुतचा 'एक्स' शेजारी शेजारी लिहून दाखवा आणि गप्प राहा. सातवीतलं मूल स्वतःहून विचारतं, "म्हणजे तिकडेपण आपल्यासारखंच झालं?" मला हा प्रश्न शंभर राजधान्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आमच्या गच्चीवर मी पोरांबरोबर एक खेळ करते. जुनी पाकिटं घ्यायची, त्यांवर पत्ते लिहायचे, पण मुद्दाम अर्धवट. 'व्हिक्टोरिया' एवढंच लिहिलं तर पाकीट कुठल्या खणात टाकाल? ते ऑस्ट्रेलियातलं राज्य आहे आणि ब्रिटिश कोलंबियाची राजधानीही. जॉर्जिया हे अमेरिकेतलं राज्य, तसाच काळ्या समुद्राकाठचा एक देश. लंडन कॅनडाच्या ऑन्टारिओतही आहे. लिम्बर्ग नावाचा प्रांत बेल्जियममध्ये, आणि सीमेपलीकडे नेदरलँड्समध्येही. पंजाब आपल्याकडे राज्य, पाकिस्तानात प्रांत. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे खण करायचे, चिकटपट्टीने देशांची नावं लावायची आणि पाकिटं वाटायची. कोणाचं पाकीट चुकीच्या खणात गेलं तर त्याने नकाशावर जाऊन बरोबर खण शोधायचा. तासाभरात जी आरडाओरड होते तिचं श्रेय माझं नाही, पाकिटांचं आहे. यात खर्च शून्य, आणि नावं पाठ होतात ती वेगळीच.

एक गाऱ्हाणं सांगते. गेल्या वर्षी एका मंडळाच्या स्पर्धेत (नाव घेत नाही, आपलीच माणसं आहेत) प्रश्न होता, 'कॅनडात राज्ये किती?' आमच्या गल्लीतल्या एका मुलीने उत्तर दिलं, "दहा प्रांत आणि तीन टेरिटरी." परीक्षक म्हणाले, "एकच आकडा सांग." ती गोंधळली आणि दहा म्हणाली. कागदावर तेरा लिहिलेलं होतं, गुण गेला. पोरगी घरी येऊन रडली नाही, चिडली. चिडणारच! तेच तर समजून घेण्यासारखं होतं. कॅनडाच्या प्रांतांचे अधिकार राज्यघटनेतून येतात, ते ओटावाच्या केंद्र सरकारला परस्पर काढून घेता येत नाहीत. टेरिटरींना मिळतं ते केंद्राच्या संसदेने कायदा करून दिलेलं. आपल्याकडे 28 राज्यं आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत, त्यांच्यातला फरक समजावायला यापेक्षा चांगलं जोडउदाहरण कुठून आणणार? नुनावुतचं क्षेत्रफळ सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांशाजवळ. लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास. आपल्या इंदूरच्या 85 वॉर्डांपैकी दोनांत मावेल. इतक्या अफाट जागेत इतकी कमी माणसं असली तर तिथलं सरकार पैसा आणणार कुठून? मुलांना विचारा, त्यांना सुचतं.

आता आपल्या गावाकडे येते. राजवाड्याच्या आसपासचं एखादं जुनं घर धरा. 1947 साली ते होळकर संस्थानात होतं. 28 मे 1948 ला ते मध्य भारतात गेलं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, राजप्रमुख जिवाजीराव शिंदे. 1 नोव्हेंबर 1956 ला तेच घर मध्य प्रदेशात आलं आणि राजधानी भोपाळला गेली. घराची वीट हलली नाही, तरी आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक राज्य, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं आणि नोकरीच्या कागदावर तिसरं. आपल्यातल्या कित्येक घरांत असे कागद ट्रंकेत आहेत. मुलांना ते घरून आणायला सांगा, मूळ नको, झेरॉक्स चालेल. नागपूरकडचे नातेवाईक असतील तर आणखी मजा. 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती; मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. बडोद्याला मामा-काका असतील तर त्यांचं घर बडोदा संस्थानातून 1949 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली गुजरातेत. एका कुटुंबाचे कागद जमवले तर फळ्यावर अख्खा मध्य-पश्चिम भारत उभा राहतो.

एवढं झालं की मूल जगाकडे वेगळ्या नजरेने बघतं. आपली साडेपाचशेहून जास्त संस्थानं विलीन झाली तशीच जपानने 1871 साली सरदारांची अडीचशेहून जास्त संस्थानं मोडली आणि त्यांतून पुढे आजचे 47 विभाग घडले. मलेशियाने उलट केलं. तिथल्या 13 राज्यांपैकी 9 राज्यांत अजून वंशपरंपरेने राजे आहेत, आणि ते आपसांतून एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात, बहुतेक पाळीपाळीने. हे सांगितलं तेव्हा आमच्या गच्चीवर लगेच वाद सुरू झाला. मध्य भारतात तशी पद्धत असती तर आधी कोण, होळकर की शिंदे? इंदूरच्या पोरांनी कौल कोणाला दिला असेल ते सांगायला नको. ग्वाल्हेरच्या वाचकांनी राग मानू नये.

सगळंच एका राजधानीत असतं, असं मुलांना का वाटतं? कारण आपण एका राज्यापुढे एकच शहर लिहितो. आपल्याच राज्यात बघा : सरकार भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला आणि त्याची खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इथे इंदूरला. चार जुने तुकडे जोडून राज्य केलं, प्रत्येक मोठ्या शहराला काहीतरी द्यावं लागलं. हे एकदा कळलं की दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या का (प्रिटोरियात सरकार, केप टाउनला संसद, ब्लूमफाँटेनला अपील न्यायालय), हा प्रश्न विनोदी वाटत नाही. सिडनी आणि मेलबर्नच्या भांडणातून कॅनबेरा का वसवावं लागलं, तेही कळतं. चंदीगड पंजाबचीही राजधानी, हरियाणाचीही, आणि स्वतः दोघांतही नाही, हे आपण शिकवतोच. त्याच्या शेजारी बेल्जियम ठेवा : फ्लँडर्सचं सरकार ब्रुसेल्समध्ये बसतं, पण ब्रुसेल्स फ्लँडर्स प्रदेशात येत नाही.

आता पाण्याविषयी सांगते, आणि इथे जरा जास्त थांबणार आहे. इंदूरच्या मुलाला राज्य म्हणजे काय हे दाखवायचं तर त्याच्या घरच्या नळापेक्षा चांगलं साधन नाही. नर्मदा आपल्या गावातून वाहत नाही. जलूदला ती उचलायची, सुमारे 70 किलोमीटर नळांतून, विंध्याच्या चढावरून वर आणायची, तेव्हा आपल्या टाक्या भरतात. पण नर्मदा एकट्या मध्य प्रदेशची आहे का? उगम अमरकंटकला, आपल्याकडे. मग महाराष्ट्राच्या हद्दीला चाटून गुजरातेत, तिथून समुद्राला. कोणी किती उचलायचं यावर इतकं भांडण झालं की 1969 साली न्यायाधिकरण बसवावं लागलं आणि 1979 साली निवाडा आला. 28 दशलक्ष एकर-फूट पाणी धरून त्याची वाटणी झाली : मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातेला 9, राजस्थानला 0.5, महाराष्ट्राला 0.25. बेरीज मुलांकडून करून घ्या. एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी, साधारण 12 लाख 33 हजार लिटर. गणिताच्या बाईंना सांगितलंत तर त्या त्यांच्या तासाला दशांश अपूर्णांक इथूनच शिकवतील.

मग मुलांना विचारा : राजस्थानातून नर्मदा वाहतच नाही, मग त्याला पाणी कसं? पहिलं उत्तर हमखास येतं, "चीटिंग झाली." दुसरं येतं, "तिकडे वाळवंट आहे म्हणून." पाणी ज्याच्या अंगणातून जातं त्याचं, की ज्याला तहान लागली आहे त्याचं? हा प्रश्न घेऊन थेट अमेरिकेत जा. कोलोरॅडो नदीवर सात राज्यं जगतात : कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको, नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया. 1922 साली त्यांनी आपसांत करार केला, वरच्या राज्यांना 7.5 आणि खालच्यांना 7.5 दशलक्ष एकर-फूट. माप तेच, आपल्या नर्मदेचं! खालच्या साडेसातातले 4.4 कॅलिफोर्नियाचे, 2.8 ॲरिझोनाचे, 0.3 नेवाडाचे. आणि गंमत अशी, की कॅलिफोर्निया या नदीत स्वतःचं पाणी जवळजवळ घालतच नाही, तरी एकट्या राज्याचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. ॲरिझोना या करारावर इतकं रुसलं की त्याने 1944 पर्यंत मान्यता दिली नाही. त्यातून करार झाला त्याच्या आधीची वर्षं चांगल्या पावसाची होती. नदीत तेवढं पाणी दरवर्षी येईल असं धरून वाटणी केली आणि ते येईना. आज कोलोरॅडो बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. शेवटी मेक्सिको आहे, तो तर दुसरा देश. त्याच्यासाठी 1944 साली वेगळा तह करावा लागला.

वर्गात चार मुलांना चार राज्यं करा, बादलीभर पाणी आणि एक मापटं द्या. निवाड्याच्या प्रमाणात वाटायला सांगा. 28 मापटी मोजून झाली की बादलीत फक्त 22 ओता आणि पुन्हा वाटायला सांगा. आमच्या गच्चीवरचा 'गुजरात' नऊच्या खाली यायला तयार नव्हता, 'महाराष्ट्र' आपलं पाव मापटं हाताने झाकून बसला होता. 'मध्य प्रदेश' झालेली मुलगी म्हणाली, "नदी आमच्याकडे निघते, मी आधी भरणार, मग तुम्ही." हेच वाक्य जगातल्या प्रत्येक नदीच्या वरच्या अंगाचं राज्य म्हणतं, हे त्या मुलीला कोणी शिकवलेलं नव्हतं. यानंतर तिला सॅक्रामेंटो विसरायला सांगितलं तरी ती विसरणार नाही.

रेल्वेचं एक उदाहरण, थोडक्यात. होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं आणि 1870 च्या दशकात खंडव्याहून इंदूरला मीटरगेज आली. मुंबईची गाडी ब्रॉडगेज. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीचं सगळं आयुष्य 'खंडव्याला गाडी बदला' यात गेलं; हमालासकट सामान एका फलाटावरून दुसऱ्यावर. पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडीत बसलेल्या मुलांनी तो अरुंद रूळ पाहिलाही असेल. ऑस्ट्रेलियात 1901 पर्यंत प्रत्येक वसाहत आपापली, तेव्हा रूळही आपापले : न्यू साउथ वेल्समध्ये 1435 मिलिमीटर, व्हिक्टोरियात 1600, क्वीन्सलँडमध्ये 1067. देश एक झाला तरी रूळ एक झाले नाहीत. सिडनीहून मेलबर्नला जाणारा माणूस हद्दीवर ऑल्बरीला उतरून गाडी बदलत असे, थेट 1962 पर्यंत. खंडवा आणि ऑल्बरी एकाच धड्यात बसतात.

हद्दी बदलतात कशा, हे वरच्या वर्गांना सांगायलाच हवं. नायजेरिया 1960 साली स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे तीन विभाग होते. 1967 साली 12 राज्यं झाली, 1996 पासून 36 आहेत. नेपाळच्या 2015 च्या घटनेने सात प्रांत केले, पण नावांवर एकमत होईना, म्हणून आधी नुसते क्रमांक दिले. पहिल्या प्रांताला कोशी हे नाव मिळायला 2023 उजाडलं. इतकी वर्षं तिथली मुलं पत्त्यात 'प्रदेश नं. 1' लिहीत होती. टपालवाल्यांची मला दया येते. स्वित्झर्लंडमध्ये बर्नपासून वेगळं होऊन 1 जानेवारी 1979 ला जुरा हा कॅन्टन (म्हणजे तिथलं राज्य) झाला, तोही लोकांच्या मतदानाने. मुतिए नावाच्या छोट्या गावाने 2021 साली मत देऊन ठरवलं की आपणही बर्न सोडून जुरात जायचं. गाव मत देऊन राज्य बदलू शकतं, हे ऐकल्यावर आमच्यातला एक म्हणाला, "मग आपण इंदूर महाराष्ट्रात नेऊ." दुसरा म्हणाला, "नको, तिकडे पोहे-जलेबी मिळत नाही." चर्चा तिथेच संपली.

अमेरिकेत राज्याच्या विधानमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडून नवं राज्य करता येत नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात राज्याचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. 2014 साली आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी 2 जूनला तेलंगणा झालं. चांगलं की वाईट, हा वाद वर्गात नको असेल तर सोडा. पण दोन्ही देशांत 'राज्य' म्हटलं तरी त्याची ताकद सारखी नाही, एवढं नववीच्या मुलाला कळायला हवं. जर्मनीच्या 16 राज्यांत शाळांचा कारभार राज्यांकडे आहे. उन्हाळ्याची सुट्टीही सगळीकडे एकदम लागत नाही, रस्त्यांवर एकाच वेळी गर्दी होऊ नये म्हणून तारखा वाटून घेतात, आणि बव्हेरियाची सुट्टी नेहमी शेवटाकडे. आपल्याकडे शिक्षण 1976 च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, केंद्राचंही आणि राज्याचंही. गुजरातेतल्या दाहोदला गेलेला प्रत्येक इंदूरकर येताना गाडीची टाकी तिकडेच का भरून घेतो, याचं उत्तरही राज्याच्या करात आहे, आणि ते मुलांनी मागच्या सीटवरून पाहिलेलं असतं.

ज्या देशांत खऱ्या अर्थाने राज्यंच नाहीत, त्यांना यादीत कोंबू नका. फ्रान्सने 1790 साली जुने प्रांत मोडून लहान लहान विभाग केले, त्यांना नद्यांची, डोंगरांची नावं दिली, पुढे क्रमांक लावले. गाडीच्या पाटीवर तो क्रमांक असतो, आपल्या इंदूरच्या एमपी-09 सारखा. फक्त 2009 पासून मालकाला आवडेल त्या विभागाचा क्रमांक लावता येतो. पॅरिसात राहूनही माणूस आजोळचा नंबर मिरवतो. आपल्याकडे अशी मुभा मिळाली तर पुण्यात नोकरीला गेलेली निम्मी पोरं एमपी-09 लावतील, अशी माझी खात्री आहे. आणखी एक : फ्रान्सची सर्वांत लांब जमिनीवरची सीमा कोणत्या देशाशी? ब्राझीलशी, कारण दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग. हा प्रश्न मी संयोजकांना फुकट देते आहे.

शिक्षकांची अडचण मला समजते. तास चाळीस मिनिटांचा, पोर्शन डोक्यावर, मधेच निवडणुकीचं नाहीतर सर्वेक्षणाचं काम. म्हणून सगळं करा असं मी म्हणत नाही. सहावीला पाकिटांचा खेळ आणि घरचे कागद पुरे. पाण्याची वाटणी आठवीला. हद्दी आणि घटना नववीत. वर्षाचे तीन-चार तास. त्या बदल्यात पन्नास राजधान्यांची ती यादी वगळलीत तर मुलांचं काही बिघडत नाही.

संयोजकांनो, तुमची अडचण वेगळी. स्पर्धेत उत्तर एका शब्दाचं हवं, नाहीतर वाद होतात. तर एका शब्दाचेच प्रश्न विचारा, पण विचार करायला लावणारे. नर्मदेच्या निवाड्यात पाणी मिळालेलं, पण नदी ज्यातून वाहत नाही ते राज्य कोणतं? कॅनडाचे नुसते प्रांत किती? इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही एकाच राज्याच्या राजधान्या होत्या, ते राज्य कोणतं? परीक्षकांच्या कागदावर उत्तराबरोबर एक ओळ खुलासाही लिहून द्या, म्हणजे दहा आणि तीन सांगणाऱ्या मुलीचा गुण कोणी कापणार नाही. आणि इंटरनेटवरून उतरवलेले नकाशे पडद्यावर लावताना भारताची हद्द नीट बघा. बाहेरच्या नकाशांत ती कशीही असते. सर्वे ऑफ इंडियाचा नकाशा घ्या.

शेवटचं, शाळांसाठी. नवा नकाशा आला की जुना उतरवून रद्दीत जातो. उतरवा, पण फेकू नका. छत्तीसगड पोटात असलेला मध्य प्रदेश, तेलंगणा नसलेला आंध्र, चार प्रांतांचा दक्षिण आफ्रिका, दोन तुकड्यांचा जर्मनी, हे सगळं त्या फाटक्या कापडी नकाशांवर आहे. नव्या नकाशाशेजारी तो टांगा आणि मुलांना फरक शोधायला लावा. भिंतीवर जागा नसेल तर मला कळवा. रिक्षा करून येईन आणि घेऊन जाईन. रद्दीवाला देतो त्यापेक्षा दोन रुपये जास्त देईन.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
रामबाग, इंदूर